वर्गातलं बटण : एका यंत्राची शंभर वर्षं



संयोजकांनी विषय कळवला तेव्हा घरात थोडा हशाच झाला. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आता रिमोटवर बोलणार! पण विषय दिसतो तितका लहान नाही. वर्गात प्रत्येक मुलाच्या हातात एक छोटं यंत्र द्यायचं, प्राध्यापकांनी प्रश्न विचारायचा, मुलांनी बटण दाबायचं आणि क्षणात पडद्यावर कळायचं की किती जणांचं उत्तर कोणतं आहे. इंग्रजीत याला ‘क्लिकर’ म्हणतात. आपल्याकडे २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं आणि प्रेक्षकांचा कौल घेणारी ती बटणं घराघरांत ओळखीची झाली. तीच गोष्ट कॉलेजच्या वर्गात आणली की मुलं जागी होतात, रमतात, शिकतात, असं सांगितलं जातं. ते कितपत खरं, हे आपण आज इतिहासाच्या अंगाने पाहू.

पण आधी तुम्हाला थोडं कामाला लावतो. फळ्यावर एक चौरस काढलाय. बाजू दोन फूट, म्हणून क्षेत्रफळ चार चौरस फूट. आता आपल्याला याच्या बरोबर दुप्पट, म्हणजे आठ चौरस फुटांचा चौरस हवाय. त्याची बाजू किती असेल? पर्याय एक, चार फूट. पर्याय दोन, तीन फूट. पर्याय तीन, अडीच फूट. पर्याय चार, यांपैकी कोणतंही नाही. शेजाऱ्याकडे बघायचं नाही. जितका तुमचा पर्याय तितकी बोटं छातीशी धरा. (श्रोते बोटं दाखवतात.) छान. एकचीही बरीच बोटं आहेत, दोनचीही आहेत. उत्तर आत्ता सांगत नाही. डोक्यात राहू द्या, आपण परत येऊ.

आता इतिहास. सगळ्या वर्गाचं उत्तर एकाच वेळी बघण्याची कल्पना विजेच्या आधीची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल हा पाद्री मद्रासला एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेत होता. तिथल्या देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली आणि ती रीत उचलली. मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं, ही पद्धत त्याने तिथे बसवली आणि १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तक छापलं. आपल्या पंतोजींच्या शाळेतही थोरली मुलं धाकट्यांना धडा देत, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटत नाही. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने एकाच मोठ्या दालनात शेकडो मुलं बसवून हीच तऱ्हा चालवली. तिथे एक हुकूम असे : पाट्या दाखवा! सगळी मुलं एकदम पाटी वर धरत आणि देखरेख करणाऱ्याला एका नजरेत कळे की कोणाचं बरोबर, कोणाचं चूक. तेव्हा प्रतिसादाचं पहिलं साधन म्हणजे आपली पाटी. ते ना बॅटरीवर चाले, ना बंद पडे.

यंत्र आलं ते विसाव्या शतकात. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात सिडनी प्रेसी नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९२४ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंच्या परिषदेत एक पेटी दाखवली. खिडकीत प्रश्न दिसे, खाली चार कळा. कोणतीही कळ दाबली की पुढचा प्रश्न. एक खटका फिरवला की तीच पेटी परीक्षकाची शिक्षक होई, म्हणजे बरोबर कळ दाबेपर्यंत प्रश्न पुढे सरकतच नसे. बरोबर उत्तरांसाठी गोळी बाहेर टाकण्याचीही सोय त्यांनी करून पाहिली होती. शिक्षकांची कंटाळवाणी कामं यंत्राने करावीत आणि त्यांनी मुलांकडे लक्ष द्यावं, असा प्रेसींचा हेतू होता. हेतू चांगलाच होता. पण पुढे महामंदी आली. शिक्षकच बेकार होऊ लागले, तिथे त्यांचे श्रम वाचवणारी पेटी कोण घेणार? १९३२ मध्ये प्रेसींनी हे काम थांबवलं.

वीस वर्षांनी हाच धागा बी. एफ. स्किनर यांनी उचलला. हार्वर्डचे हे मोठे वर्तनवादी. १९५३ मध्ये ते मुलीच्या शाळेत गणिताच्या तासाला पालक म्हणून मागे बसले होते. त्यांनी काय पाहिलं? सगळ्या मुलांना एकाच वेगाने चालावं लागतंय, आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे दुसऱ्या दिवशी वही तपासून मिळेपर्यंत कळत नाही. हे निरीक्षण अचूक होतं. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी मनाला विचारावं, आपल्या वर्गात आज वेगळं काय आहे? स्किनरांनी यावर शिकवण्याची यंत्रं बनवली. त्यांच्या मते योग्य कृतीला लगेच दाद मिळाली की ती कृती पक्की होते. कबुतरांवर जे सिद्ध झालं ते मुलांनाही लागू करायचं.

इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाला थांबावंच लागतं. वर्तनवाद्यांचा शब्द होता ‘प्रतिसाद’. दिवा लागला, कळ दाबली. हा झाला प्रतिसाद. पण आपल्या भाषेत दुसरा एक शब्द आहे, ‘उत्तर’. त्यातूनच उत्तरदायित्व आलं. उत्तर देणारा त्या उत्तराला बांधला जातो. ‘का?’ असं विचारलं तर त्याला कारण सांगावं लागतं. बटण प्रतिसाद टिपतं. त्याचं उत्तर होतं की नाही, हे पुढे वर्गात काय घडतं त्यावर ठरतं. पुढचा सगळा इतिहास या दोन शब्दांमधल्या अंतराचा आहे.

प्रेसी आणि स्किनर यांचं यंत्र एकट्या मुलासाठी होतं. संपूर्ण वर्ग तारांनी जोडण्याचे प्रयोग साठच्या दशकात झाले. १९६६ मध्ये स्टॅनफर्डला आणि त्यानंतर दोन वर्षांनी कॉर्नेलला अशी व्याख्यानगृहं तयार झाली. प्रत्येक बाकाला बटणं, खालून तारा आणि पुढे प्राध्यापकांसमोर आकडे. अशा व्यवस्था महाग आणि किचकट होत्या. मुलांना गंमत वाटे, आवडही दिसे. पण परीक्षेत फरक पडला का? युजीन जडसन आणि डायओ सावादा या दोन अभ्यासकांनी २००२ मध्ये जुने-नवे अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. त्यांना दिसलं की साठ-सत्तरच्या दशकांतल्या वापराने मुलं खूश झाली, पण त्यांची समज काही वाढल्याचं दिसलं नाही. कारण त्या वर्गांमध्ये यंत्र स्किनरच्या पद्धतीने चालत होतं. प्रश्न, बटण, बरोबर किंवा चूक, पुढे चला.

एका माणसाला मात्र वेगळं काही ऐकू आलं. कॉर्नेलचे भौतिकशास्त्रज्ञ राफाएल लिटॉअर. त्यांनी आपली कमी खर्चातली यंत्रणा बसवली आणि १९७२ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. त्यांच्या ध्यानात आलं की बटण दाबण्याआधी मुलं आपसात बोलताहेत, वाद घालताहेत. आम्ही शिक्षक सहसा अशा वेळी काय करतो? टेबलावर डस्टर आपटतो. लिटॉअरना ते बोलणं मोलाचं वाटलं. पण त्या गलबल्याचं महत्त्व सगळ्यांना पटायला आणखी वीस वर्षं जावी लागली.

ती गोष्ट पुन्हा हार्वर्डचीच. एरिक माझूर हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९८४ पासून शिकवत होते, मुलं खूश, निकाल उत्तम. १९९० मध्ये त्यांच्या वाचनात हालून आणि हेस्टिनीस यांचा लेख आला. अ‍ॅरिझोनातल्या या दोघांनी १९८५ मध्ये दाखवलं होतं की भौतिकशास्त्र शिकूनही मुलांच्या डोक्यातल्या गतीबद्दलच्या भाबड्या कल्पना फारशा हलत नाहीत. आमच्या हार्वर्डच्या मुलांचं असं नसणार, असं माझूर यांना वाटलं. म्हणून त्यांनी तीच साधी चाचणी आपल्या वर्गाला दिली. एका विद्यार्थिनीने विचारलं, सर, याची उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला स्वतःला जसं वाटतं तशी? श्रोतेहो, हा प्रश्न ऐकून कोणत्याही शिक्षकाला रात्री झोप लागू नये. निकाल लागला तेव्हा कळलं की अवघड गणितं सोडवणारी मुलं साध्या प्रश्नांवर अडखळली होती.

मग एकदा वर्गात असाच एक प्रश्न समजावताना माझूर दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेने बोलले, तरी चेहरे कोरेच. शेवटी हताश होऊन ते म्हणाले, तुम्हीच एकमेकांशी बोला. वर्गात एकच गोंधळ उडाला आणि काही मिनिटांतच मुलांना उलगडलं. असं का व्हावं? ज्या मुलाला आत्ताच समजलंय त्याला आपण कुठे अडलो होतो हे ताजं आठवत असतं. प्राध्यापक ते तीस वर्षांपूर्वीच विसरलेला असतो. यातून जी पद्धत झाली तिच्यावर त्यांचं पुस्तक १९९७ मध्ये आलं. पायऱ्या सोप्या आहेत. समजेची कसोटी बघणारा प्रश्न द्या. प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तर नोंदवावं. मग शेजाऱ्याला पटवून द्यावं. पुन्हा उत्तर नोंदवावं. शेवटी शिक्षकांनी बोलावं. पहिल्या फेरीत पस्तीस ते सत्तर टक्के उत्तरं बरोबर असली तर चर्चा सगळ्यात फळते, असं त्यांनी आणि कॅथरीन क्राउच यांनी २००१ मध्ये दहा वर्षांच्या अनुभवावरून लिहिलं. त्याहून कमी असेल तर विषय पुन्हा सांगावा, जास्त असेल तर पुढे जावं.

१९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी बासष्ट अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे आकडे तपासले. जितकी समज वाढायची शिल्लक होती, त्यातली नेहमीच्या व्याख्यानांतून सरासरी तेवीस टक्केच वाढली. जिथे मुलं वर्गात बोलत, करत, पडताळत होती, तिथे अठ्ठेचाळीस टक्के. व्याख्यान देऊनच हे सांगावं लागतंय, यातली विसंगती तुमच्या लक्षात आली असेलच. (हशा.)

याच काळात यंत्रं स्वस्त झाली. तारा गेल्या, टीव्हीच्या रिमोटसारखी इन्फ्रारेड साधनं आली, मग रेडिओ लहरींवरची. हाँगकाँगच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातले नेल्सन क्यू आणि अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातली मंडळी, असे भौतिकशास्त्राचेच शिक्षक ती बनवण्यात पुढे होते. पुढे तर मुलांच्या खिशातला मोबाइलच क्लिकर झाला.

मग श्रेय यंत्राचं की बोलण्याचं? २००८ मध्ये नेथॅनियल लॅझरी यांनी कॅनडातल्या क्वेबेकच्या एका कॉलेजात साधी तुलना केली. पद्धत तीच ठेवली. एका गटाच्या हातात क्लिकर, दुसऱ्याच्या हातात अक्षरं छापलेले पुठ्ठे. शिकण्यात म्हणावा असा फरक आढळला नाही. पुढच्याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठातल्या मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी जनुकशास्त्राच्या वर्गात आणखी एक शंका तपासली. चर्चेनंतर उत्तरं सुधारतात ती केवळ हुशार मुलाची नक्कल करून का? त्यांनी चर्चेनंतर त्याच तत्त्वावरचा नवा प्रश्न दिला. तिथेही मुलं सुधारलेली दिसली, आणि ज्या गटात सुरुवातीला कोणालाच उत्तर माहीत नव्हतं असे गटही. दोन आंधळ्यांनी एकमेकांना वाट दाखवावी, तसं! पण त्यात चमत्कार नाही. कारणं मांडायला लागलं की आपल्याच विचारातली फट आपल्याला दिसते.

आता थोडं घरचं. आमच्या एका कॉलेजात अनुदानातून साठ क्लिकरांची पेटी आली होती. उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो निघाले. तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही ती वापरली. प्रश्न असा होता : पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. अंगण ओलं आहे. यावरून पाऊस पडला असं ठरतं का? पंधरा-एक वर्षं आम्ही हे शिकवत होतो. शिकवून झाल्यावर ‘समजलं का?’ असं विचारायचो आणि वर्ग म्हणायचा, ‘हो सर’. त्या दिवशी पडद्यावर खांब उभे राहिले आणि ‘हो, ठरतं’ हा खांब सगळ्यांत उंच होता. अंगणात कोणी सडा घातला असेल, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. आणि हे तास संपायच्या दहा मिनिटं आधी, सगळं शिकवून झाल्यावर! पंधरा वर्षांचं ‘हो सर’ आमच्या डोळ्यांसमोर त्या खांबात उभं होतं. लाज वाटली. पण ती लाज उपयोगी पडली.

आणखी एक गोष्ट त्या वर्गात कळली. आमच्याकडे निम्मी मुलं गावाकडून, मराठी माध्यमातून आलेली. इंग्रजीत प्रश्न विचारला की ती खाली बघायची. आम्ही समजायचो, यांना येत नाही. पण बटणाला ना उच्चार लागतो, ना व्याकरण. त्यांची उत्तरं कमी चुकीची नव्हती आणि कमी बरोबरही नव्हती. वर्गासारखीच होती. मग चर्चा मराठीतून करा म्हटलं, आणि मागचे बाक बोलायला लागले. पंधरा वर्षं वर्गात कोणता भाग शांत बसलाय हेच आम्ही विद्वत्तेचं माप धरलं होतं. यंत्राने इतकं जरी केलं तरी ते वाया गेलं नाही, असं म्हणावं लागेल.

पुढे त्या पेटीचं काय झालं? वरून सूचना आली की क्लिकरवरून हजेरी घ्या. दुसऱ्याच आठवड्यात एकेक मुलगा खिशात चार-चार क्लिकर घेऊन येऊ लागला. मित्र कँटीनमध्ये, त्यांची बटणं वर्गात. ज्या दिवशी यंत्र हजेरीला जुंपलं त्या दिवशी ते प्रश्नातून उठलं. मग बॅटऱ्या संपल्या, पेटी कपाटात गेली. यात आपलीच मुलं वाईट असं समजू नका. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात नेमकं हेच झालं आणि चौसष्ट विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. त्या अभ्यासक्रमाच्या नावात ‘नीतिशास्त्र’ हा शब्द होता! ज्या उत्तराला गुण किंवा हजेरी चिकटते ते उत्तर प्रामाणिक राहत नाही. चुकायची मोकळीक असेल तरच मूल खरं काय वाटतं ते सांगतं.

कपाटाला कुलूप लागल्यावर आम्ही लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर अ, ब, क, ड लिहून मुलांना वाटलं. काम चालू राहिलं. नंतर कळलं की बंगळुरूला मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१२ मध्ये जवळपास अशाच कागदी कार्डांची युक्ती काढली होती. कार्डावर एक खूण छापलेली, ते ज्या बाजूने धराल ते तुमचं उत्तर, आणि शिक्षकाकडचा एकच कॅमेरा सगळ्यांची उत्तरं वाचतो. आज अशी कार्डं वापरणारे शिक्षक आपल्याकडेही आहेत. आणि पवईला, आयआयटी मुंबईत, प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रचंड वर्गात एक अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी एकट्याने विचार, मग जोडीने, मग सगळ्यांपुढे. अशा तासांना सरासरी त्र्याऐंशी टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली. तिथे प्रश्नच मुळात असे होते की शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय राहवू नये.

तुमच्यातले शिक्षक मनात म्हणत असतील, हे सगळं ठीक, पण पोर्शन कसा पुरा करायचा? हा आक्षेप खरा आहे. एका प्रश्नाला दहा मिनिटं जातात. सेमिस्टर पळतं. आम्हालाही दोन प्रकरणं सोडावी लागली आणि विभागात बोलणी खावी लागली. त्यावर आमच्याकडे सोपं उत्तर नाही. इतकंच सांगतो, जी प्रकरणं आम्ही ‘पुरी’ केली होती, ती कोणाची पुरी झाली होती हे त्या खांबांनी दाखवून दिलं होतं. शिवाय चांगला प्रश्न बनवायला तासाभराचं व्याख्यान लिहिण्याहून जास्त वेळ लागतो. कोणतंही अनुदान तो वेळ देत नाही.

आता फळ्यावरच्या चौरसाकडे या. दोन मिनिटं घ्या आणि शेजाऱ्याला पटवून द्या. (श्रोते आपसात चर्चा करतात.) झालं? पुन्हा बोटं. बघा, चार बोटं आता कितीतरी जास्त आहेत. तिसऱ्या रांगेतल्या आजी, काय म्हणालात? रुमालाचे चारही कोपरे मध्ये दुमडले? अगदी बरोबर. चार फुटांचा रुमाल म्हणजे सोळा चौरस फूट. कोपरे मध्यावर दुमडले की निम्मा उरतो, म्हणजे आठ. त्याची बाजू म्हणजे आपल्या लहान चौरसाचा कर्ण. तीन फुटांहून थोडी कमी. चौथा पर्याय!

हा प्रश्न आमचा नाही. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस हाच प्रश्न एका गुलाम मुलाला विचारतो. मुलगा आधी म्हणतो चार, मग म्हणतो तीन, मग कबूल करतो की मला माहीत नाही. आणि सॉक्रेटिस मेनोला सांगतो की या गोंधळाने त्याचं नुकसान झालं नाही, आता तो शोधायला तयार झालाय. त्या अंगणात यंत्र नव्हतं. मुलाची चूक ऐकून न हसणारा आणि उत्तर तोंडात न भरवणारा एक माणूस होता. आपल्या कॉलेजांना पुन्हा कधी अनुदान मिळालं तर यंत्रं जरूर घ्या, आमची हरकत नाही. फक्त ‘समजलं का?’ हा प्रश्न तेवढा बंद करा.